रक्ताची पिशवी, नवतपा आणि तांबडी पेशी

वाचकांचे प्रश्न

उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये दोन विषय पुन्हा पुन्हा दिसले : रक्तकेंद्रातून आणलेल्या पिशवीची निगा आणि सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार. वरवर पाहता हे विषय वेगळे वाटतात. परंतु नागपुरातील रक्तसंक्रमण विभागात अनेक वर्षे काम केल्यावर मला दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे तांबड्या पेशीची लवचीकता. म्हणून या वेळी त्याच पत्रांना एकत्र उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या ७१ वर्षांच्या आईचे खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन झाले. त्या वेळी रक्तकेंद्रातून मिळालेल्या पिशवीवर रक्त घेतल्याची तारीख ३१ दिवसांपूर्वीची होती. आम्ही ताज्या रक्तासाठी बराच आग्रह धरला, पण पिशवी मुदतीत असल्याचे आम्हाला सांगण्यात आले. आईला ते रक्त चढवले आणि ती आता बरी आहे, तरी मनातली शंका जात नाही. महिनाभर फ्रिजमध्ये ठेवलेल्या पेशी जिवंत तरी असतात का? (वाचक, महाल, नागपूर)

उत्तर : आईंची प्रकृती सुधारली हे वाचून बरे वाटले. त्या पिशवीतील बहुसंख्य पेशी जिवंत होत्या आणि आपल्याला मिळालेली माहिती बरोबर होती. मात्र महिनाभर साठवलेली पेशी काल काढलेल्या पेशीसारखीच असते, असे म्हणणे खरे होणार नाही. तिच्यात बदल होतात. प्रश्न एवढाच असतो की त्यांपैकी कोणते बदल रुग्णाला जाणवतात.

तांबडी पेशी म्हणजे हिमोग्लोबिनने भरलेली, दोन्ही बाजूंनी मध्यभागी खोलगट असलेली चकती. तिचा व्यास सुमारे ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. ज्या केशवाहिन्यांतून तिला जावे लागते त्यांतील अनेकींचा व्यास ५ मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी असतो, आणि प्लीहेतील काही फटी तर जेमतेम एक मायक्रॉन रुंद असतात. तेथून ती दुमडून, लांबट होऊन पार होते आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा पहिल्यासारखी होते. हे तिला साधते, कारण आतल्या ऐवजाच्या मानाने तिचे आवरण ऐसपैस असते. तिचे सुमारे ९० घन मायक्रॉन आकारमान एखाद्या गोळ्यात बसवले, तर त्याला सुमारे ९७ चौरस मायक्रॉन आवरण पुरेल. प्रत्यक्षात तिच्याकडे सुमारे १४० चौरस मायक्रॉन असते. सैल सदऱ्यात जसे हात मोकळे फिरतात, तसा हा जादा पदर पेशीला वाकण्याची मोकळीक देतो. हा पदर घटला आणि पेशी गोळ्याच्या आकाराकडे झुकू लागली, की तिची पहिली परीक्षा प्लीहेत होते आणि तेथे ती अडकते.

या पेशीत केंद्रक नसते आणि ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियाही नसतात. स्वतःची डागडुजी करणारी नवी प्रथिने ती बनवू शकत नाही. ग्लुकोजच्या विघटनातून एटीपी हे जे थोडे ऊर्जेचे इंधन मिळते त्यावर ती सुमारे १२० दिवस जगते. त्याच एटीपीवर तिच्या आवरणातील सोडियम-पोटॅशियमचा पंप चालतो आणि त्यावरच आवरणाचा आकार टिकतो. म्हणून पिशवीत रक्त टिकवायचे असेल तर पेशीची भूक भागवणे आणि तिचा खर्च कमी करणे, या दोन्ही गोष्टी कराव्या लागतात. पहिल्यासाठी द्रावणात ग्लुकोज असते आणि दुसऱ्यासाठी २ ते ६ अंश सेल्सिअसचा थंडावा. राउस आणि टर्नर या संशोधकांनी १९१६ साली रक्त साकळू न देणाऱ्या सायट्रेटच्या जोडीला ग्लुकोज वापरून पेशी कितीतरी अधिक काळ टिकवून दाखवल्या, आणि पुढच्याच वर्षी पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवर ओसवाल्ड रॉबर्टसन यांनी बाटल्यांत साठवलेले रक्त जखमी सैनिकांना दिले. आज सीपीडीए या द्रावणात, ॲडेनिनच्या मदतीने, रक्त ३५ दिवस टिकते. प्लाझ्मा वेगळा काढून पेशींना सॅगएम हे सलाइन, ॲडेनिन, ग्लुकोज आणि मॅनिटॉल असलेले द्रावण दिले, तर ती मुदत ४२ दिवसांपर्यंत जाते. मुदतीचा आकडा मनाने ठरवलेला नाही : शेवटच्या दिवशी दिलेल्या पेशींपैकी सरासरी निदान ७५ टक्के पेशी २४ तासांनंतरही रुग्णाच्या रक्तात फिरत असल्या पाहिजेत आणि पिशवीत फुटलेल्या पेशींचे प्रमाण एक टक्क्याच्या आत राहिले पाहिजे, या कसोट्यांवर तो उतरलेला आहे.

आता बदलांविषयी. थंडीत पंप जवळजवळ थांबतो, त्यामुळे पेशीतील पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपते. ग्लुकोजच्या विघटनातून तयार झालेले लॅक्टिक आम्ल पिशवीतच साठते. हिमोग्लोबिनकडून ऊतींना ऑक्सिजन सोडवून देणारा २,३-डीपीजी हा पदार्थ सुमारे दोन आठवड्यांत बहुतांशी संपतो. एटीपी उतरते, चकतीच्या कडेला बारीक काटे दिसू लागतात, आवरणाचे सूक्ष्म तुकडे गळून पडतात आणि काही पेशी गोलसर व ताठर होतात. यांतील बरेचसे नुकसान भरून येते : रुग्णाच्या शरीरात गेल्यावर दोन-तीन दिवसांत २,३-डीपीजी पुन्हा तयार होते, पंप चालू होतो आणि कित्येक पेशी मूळ आकारावर येतात. गळून गेलेले आवरण मात्र परत मिळत नाही. अशा पेशींना प्लीहा आणि यकृत पहिल्या दिवसातच बाजूला काढतात.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. रक्ताची पिशवी मऊ राहावी म्हणून तिच्या प्लॅस्टिकमध्ये घातलेला डीईएचपी हा पदार्थ रक्तात उतरतो आणि पेशीच्या आवरणात शिरून तिला फुटण्यापासून काही अंशी वाचवतो. त्याच्या दुष्परिणामांच्या चिंतेमुळे तो बदलण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण पर्यायी प्लॅस्टिकमध्ये पेशी अधिक फुटतात ही अडचण दीर्घकाळ आडवी येत राहिली. पेशी कशात ठेवली आहे, यालाही किती महत्त्व असते ते यावरून कळते.

ताजे आणि जुने रक्त यांची तुलना मोठ्या चाचण्यांमधून झाली आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एबल चाचणीत अतिदक्षता विभागातील सुमारे २४०० रुग्ण होते आणि २०१६ च्या इन्फॉर्म चाचणीत वीस हजारांहून अधिक. दोन्हींत ताज्या रक्तामुळे मृत्यू कमी झाल्याचे आढळले नाही. या चाचण्यांतील ‘जुने’ रक्त सरासरी तीन आठवड्यांच्या आसपासचे होते, हे मी मुद्दाम नोंदवतो. तरीही आपल्या आईंसारख्या, एखाद-दोन पिशव्या लागणाऱ्या प्रौढ रुग्णासाठी मुदतीतील, योग्य तापमानात राहिलेली पिशवी नाकारण्याचे कारण मला दिसत नाही. नवजात बाळाचे रक्त बदलताना किंवा एकाच वेळी पुष्कळ पिशव्या चढवताना झिरपलेले पोटॅशियम धोक्याचे ठरू शकते, म्हणून तेथे डॉक्टर स्वतःहून ताजी पिशवी मागतात. थॅलेसेमियाच्या मुलांसाठीही शक्यतो दोन आठवड्यांच्या आतील पेशी निवडतात, कारण त्यांना आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त लागते. अधिक काळ टिकणाऱ्या पेशी मिळाल्या तर दोन पिशव्यांमधील अंतर वाढते आणि प्रत्येक पिशवीबरोबर शरीरात साचणाऱ्या सुमारे २०० मिलिग्रॅम लोहाचा भारही आटोक्यात राहतो.

‘आत्ताच नातेवाइकाचे काढा आणि आत्ताच चढवा’ असा आग्रह मात्र कृपया कोणीही धरू नये. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांच्या चाचण्या झाल्याशिवाय कोणतेही रक्त सुरक्षित म्हणता येत नाही, मग दाता सख्खा भाऊ का असेना.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही नागपूरहून उमरेडला रुग्णासाठी पिशवी आणली. डॉक्टरांनी रक्त दुसऱ्या दिवशी चढवायचे ठरवले, म्हणून पिशवी रात्रभर रुग्णालयातील साध्या फ्रिजमध्ये ठेवली. पुढे रक्ताची गरजच उरली नाही आणि रक्तकेंद्राने पिशवी परत घेतली नाही. एका माणसाचे दान वाया गेले याचे वाईट वाटते. हा नियम इतका कडक का? (वाचक, उमरेड)

उत्तर : आपल्याला वाईट वाटले, ते योग्यच आहे, मलाही प्रत्येक वेळी वाटत आले आहे. तरीही रक्तकेंद्राने केले ते बरोबर केले, आणि त्यामागचे कारण मी सविस्तर सांगतो, कारण ही चूक विदर्भात उन्हाळ्यात फार होते.

रक्तकेंद्राचा शीतकपाट आणि आपला साधा फ्रिज यांत मोठा फरक आहे. शीतकपाटात हवा सतत खेळती राहते, तापमानाची नोंद चोवीस तास होते आणि ते २ ते ६ अंशांबाहेर गेले की धोक्याची घंटा वाजते. साध्या फ्रिजमध्ये दाराजवळ १०-१२ अंश आणि बर्फाच्या कप्प्याला टेकलेल्या जागी शून्याखाली, अशी स्थिती एकाच वेळी असू शकते. रात्री वीज गेली तर सकाळी त्याची कोणतीही खूण उरत नाही. पिशवी डोळ्यांना चांगलीच दिसते, आणि रक्तकेंद्राकडे तिच्या त्या रात्रीचा पुरावा काहीच नसतो.

गोठणे हे पेशीवरचे सर्वांत मोठे संकट आहे. बर्फाचे स्फटिक बनू लागले की उरलेल्या द्रवात क्षारांचे प्रमाण वाढते, पेशीतील पाणी ओढले जाते आणि आवरण फाटते. वितळल्यावर हिमोग्लोबिन सगळे बाहेर येते. असे रक्त चढवले तर मुक्त हिमोग्लोबिन मूत्रपिंडांना इजा करते आणि रक्तवाहिन्या सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइडही शोषून घेते. रक्त गोठवून वर्षानुवर्षे साठवता येते हे खरे आहे, परंतु त्यासाठी पेशींत आधी ग्लिसरॉल भरावे लागते आणि तापमान उणे ६५ अंशांखाली ठेवावे लागते. एका रुग्णालयात घाईगडबडीत बर्फाच्या कप्प्यात ठेवलेली पिशवी मी पाहिली आहे. वितळल्यानंतर तिच्यातील द्रव काळपट तांबडा आणि आरपार दिसणारा झाला होता. ती वेळेवर परिचारिकेच्या नजरेस पडली आणि पुढचा अनर्थ टळला. ते दृश्य मी विसरलेलो नाही.

उष्णतेचा धोका याच्या उलट बाजूचा आहे. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापणाऱ्या नऊ दिवसांत, नागपूरचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते आणि बंद गाडीत ते त्याहूनही बरेच वाढते. पिशवी बाहेर काढल्यावर साधारण अर्ध्या तासात आतील तापमान १० अंशांकडे पोहोचते; म्हणूनच अर्ध्या तासात परत आली तरच पिशवी पुन्हा साठ्यात घेण्याची पद्धत रूढ झाली. तापमान वाढले की पेशी आपले ग्लुकोज भराभर संपवतात, आणि त्याहून गंभीर म्हणजे, रक्त घेताना चुकून शिरलेला एखादा जिवाणू वाढीस लागतो. यर्सिनियासारखे काही जिवाणू तर फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतात. यामुळेच पिशवी बाहेर काढल्यावर अर्ध्या तासाच्या आत सुरू करावी आणि चार तासांच्या आत पूर्ण करावी, असा दंडक आहे.

उमरेडसारख्या अंतरासाठी उपाय सोपा आहे. रक्तकेंद्राचाच इन्सुलेटेड डबा मागून घ्यावा, बर्फ किंवा जेलपॅक पिशवीला थेट टेकू देऊ नये, मध्ये पुठ्ठा किंवा जाड कापड ठेवावे, आणि वाटेत तापमान २ ते १० अंशांच्या दरम्यान राहील असे पाहावे. रक्त नक्की कधी चढवणार हे ठरल्यावरच पिशवी उचलावी; क्रॉसमॅच (रुग्णाच्या रक्ताशी जुळणी) करून रक्तकेंद्रातच राखून ठेवण्याची सोय असते. थंड पिशवी गरम पाण्यात, उन्हात किंवा काखेत धरून कोमट करण्याचा प्रकार मी आजही ऐकतो. तो पूर्णपणे थांबला पाहिजे, कारण ४२ अंशांच्या वर पेशींना इजा होऊ लागते आणि ५० अंशांच्या आसपास आवरणाखालची स्पेक्ट्रिन या प्रथिनाची जाळीच विसकटते. संथ गतीने दिल्या जाणाऱ्या एका पिशवीला कोमट करण्याची गरजही नसते. त्याच नळीतून डेक्स्ट्रोज किंवा रिंगर लॅक्टेट देऊ नये; पहिल्यामुळे पेशी फुगून फुटतात, दुसऱ्यातील कॅल्शियममुळे गुठळ्या होतात. चालते ते फक्त नॉर्मल सलाइन.

प्रश्न : घरी येऊन रक्ताचा नमुना नेलेल्या प्रयोगशाळेने वडिलांचे पोटॅशियम ६.८ असल्याचे कळवले. आम्ही घाबरून रुग्णालयात धावलो. तेथे ते ४.४ निघाले. कोणता अहवाल खोटा? (वाचिका, नंदनवन, नागपूर)

उत्तर : खोटा कोणताच नसावा. पहिल्या अहवालात बहुधा नळीतील स्थिती मोजली गेली आणि दुसऱ्यात वडिलांच्या शरीरातील. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीसपटींहून अधिक असते. बारीक सुईतून जोराने ओढताना पेशी फुटल्या, किंवा यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या न केलेला नमुना तासन्तास बर्फावर राहून पेशींचे पंप थांबले, की ते सीरममध्ये, म्हणजे रक्ताच्या द्रव भागात, उतरते. उन्हात फिरलेल्या नमुन्यात आणखी गुंता होतो : सुरुवातीला उष्णतेने पंप जोरात चालून पोटॅशियम उलट कमी दिसू शकते, आणि ग्लुकोज संपले की ते चढू लागते. साखरेचेही तसेच आहे. साध्या नळीत खोलीच्या तापमानाला ती तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते, उन्हात त्याहून वेगाने. म्हणून घरून नमुना देताना तो किती वाजता घेतला हे लिहून घ्यावे आणि तो केव्हा पोहोचणार हे निःसंकोच विचारावे. रुग्णालयात धाव घेतलीत, ते मात्र योग्यच केले. पोटॅशियम खरोखर वाढले असेल तर हृदय थांबू शकते आणि तेव्हा हातात वेळ नसतो.

प्रश्न : माझी १४ वर्षांची मुलगी सिकलसेल एसएस (दोन्ही पालकांकडून दोष आलेली) आहे. उन्हाळा लागला की तिच्या हातापायांच्या आणि पाठीच्या वेदना वाढतात, आणि डिसेंबरच्या थंडीतही तेच होते. डॉक्टर दर वेळी पाणी भरपूर प्यायला सांगतात. पाण्याने रक्ताचा आजार कसा आवरेल? तिला हायड्रॉक्सीयुरिया सुरू करण्याचा सल्ला मिळाला आहे, पण ते कर्करोगाचे औषध आहे म्हणून घरचे घाबरतात. (वाचिका, कामठी)

उत्तर : ताई, आपण विचारलेल्या प्रश्नात या आजाराचे मर्म आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

शिकागोमध्ये जेम्स हेरिक यांनी १९१० साली एका तरुण रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याची नोंद केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, आणि काही वर्षांत व्हर्नन इंग्रॅम यांनी तो नेमका कोठे आहे हे शोधले : बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. एवढ्याशा फरकाने हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटू लागते आणि त्याचे लांबलचक ताठ धागे बनतात. धागे पेशीला आतून ताणतात, आणि जी पेशी ५ मायक्रॉनच्या वाहिनीतून दुमडून जायला हवी ती काडीसारखी आडवी अडकते. मागचा प्रवाह तुंबतो, हाडाला रक्त मिळत नाही, आणि मुलीला ती कळ येते.

पाण्याचा संबंध येथे येतो. धागे एका क्षणात बनत नाहीत. ऑक्सिजन सोडल्यापासून ते बनू लागेपर्यंत थोडा वेळ जातो, आणि तेवढ्यात पेशी बारीक वाहिनी ओलांडून फुप्फुसाकडे निघाली तर ती वाचते. हा वेळ पेशीतील हिमोग्लोबिनच्या घट्टपणावर अतिशय तीव्रतेने अवलंबून असतो, साधारण त्याच्या पंधराव्या किंवा त्याहूनही वरच्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. हिशेब केला तर कळते की पेशीतील पाणी कमी होऊन हिमोग्लोबिन फक्त एक दशांशाने दाट झाले, तरी तो वेळ चौथ्या हिश्श्यापेक्षाही खाली येतो. वारंवार वाकडी झालेली पेशी आवरणातील वाटांनी पोटॅशियम गमावते आणि पाणी त्याच्यामागून जाते, म्हणजे आजार स्वतःच पेशीला कोरडी करत राहतो. अशी पेशी १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसच टिकते.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी पालकांना क्वचित सांगितली जाते. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाचा आतला भाग लवकर बिघडतो आणि लघवी घट्ट करण्याची त्याची शक्ती जाते. इतर मुलांचे शरीर उन्हात पाणी राखून ठेवते. आपल्या मुलीचे शरीर तहानेतही पाणी सोडत राहते. म्हणून ‘लघवी स्वच्छ होते, म्हणजे पाणी पुरेसे आहे’ ही खूण तिच्याबाबत फसवी आहे. तिच्या दप्तरात पाण्याची बाटली असावी, वर्गात पाणी पिण्याची आणि लघवीला जाण्याची मोकळीक मिळावी म्हणून शाळेला डॉक्टरांची चिठ्ठी द्यावी, दुपारच्या उन्हातील कवायत टाळावी. घरी माठाचे पाणी, ताक, पन्हे हे सगळे चालेल. रात्री कूलरचा थेट गार झोत अंगावर घेऊन झोपणे, किंवा उन्हातून येऊन लगेच थंड पाण्याने अंघोळ करणे टाळावे. थंडीने त्वचेकडच्या वाहिन्या आखडतात, पेशीचा प्रवास मंदावतो आणि धागे बनायला तिला वेळ मिळतो. डिसेंबरातील वेदनांचे कारणही हेच आहे.

हायड्रॉक्सीयुरियाविषयीची भीती मी समजू शकतो, पण त्यामुळे औषध लांबणीवर टाकू नये असे मला कळकळीने वाटते. ते कर्करोगातही वापरले जाते हे खरे आहे. येथे ते वेगळ्या हेतूने आणि रक्ताच्या नियमित तपासणीसह देतात. त्याने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, पुन्हा वाढते. एचबीएफ या धाग्यांत सामील होत नाही, त्यामुळे धागे बनायला उशीर होतो. पेशी आकाराने मोठी आणि पाणीदार होते, आणि वाहिनीच्या भिंतीला कमी चिकटते. वेदनांचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ, दोन्ही कमी होतात. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरत नाहीत ना, हे ठरलेल्या तारखांना पाहावे लागते, आणि पुढे गर्भधारणेचा विचार असेल तेव्हा डॉक्टरांशी आधी बोलावे लागते.

रक्त चढवण्याबद्दलही एक सूचना. या मुलांत हिमोग्लोबिन ७ किंवा ८ असते म्हणून ते चढवून १२ करावे, असे कोणी सुचवले तर ऐकू नये. ताठर पेशी अंगात असताना रक्त दाट केले तर प्रवाह आणखी तुंबतो. सहसा १० च्या वर नेत नाहीत. मात्र ताप, छातीत दुखणे, धाप, एका बाजूची अशक्तता, किंवा अचानक पांढरीफटक पडून पोटाच्या डाव्या बाजूला सूज दिसणे, यांपैकी काहीही झाले तर घरी वेदनाशामक देत बसू नये, त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. विदर्भात तो अनेक समाजांत पसरलेला आहे आणि कोणत्याही एका समाजाचा शिक्का त्यावर मारणे अन्यायाचे आहे. या आजारासाठी झटलेले नागपूरचे संपत रामटेके यांचा २०१८ साली पद्मश्रीने गौरव झाला, आणि १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. आपल्या घरातील इतर मुलांची आणि लग्नाच्या वयाच्या भाचे-पुतण्यांची चाचणी करून घ्यावी. सोल्युबिलिटी चाचणी फक्त एस हिमोग्लोबिन, म्हणजे हे सदोष हिमोग्लोबिन, असल्याचे सांगते. वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेला) की रुग्ण हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचण्यांनीच ठरते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते.

प्रश्न : मी मधुमेही आहे आणि सिकलसेलचा वाहकही. माझी तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, विश्वासार्ह आहे का? (वाचक, हिंगणा)

उत्तर : बहुधा आहे, पण प्रयोगशाळेला आपण वाहक असल्याचे सांगावे, कारण काही पद्धतींत एस हिमोग्लोबिनमुळे आकडा चुकतो. एसएस रुग्णात ही चाचणी उपयोगाची नाही : पेशी दोन-तीन आठवड्यांत मरत असताना तिच्यावर तीन महिन्यांची साखर कशी चढणार? अशांनी ग्लुकोज आणि फ्रुक्टोसामिन (अलीकडच्या दोन-तीन आठवड्यांची साखर दाखवणारी चाचणी) यांवर विसंबावे. उलट, लोहाच्या कमतरतेत हाच आकडा विनाकारण वाढलेला दिसू शकतो.

प्रश्न : माझा भाऊ नोकरीनिमित्त गडचिरोलीत असतो. मलेरियावर प्रायमाक्विन सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी त्याची लघवी काळ्या चहासारखी झाली आणि डोळे पिवळे पडले. जी-सिक्स-पीडीची चाचणी केली, ती नॉर्मल आली. मग हे कशाने झाले? (वाचक, वर्धमाननगर, नागपूर)

उत्तर : आपण सांगितलेल्या खुणा जी-सिक्स-पीडीच्या कमतरतेशी जुळतात आणि एका नॉर्मल अहवालाने ती शक्यता मिटत नाही. हे विकर (एन्झाइम) तांबड्या पेशीला ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचवते. त्याचा जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने कमतरतेचा त्रास पुरुषांत जास्त दिसतो. प्रायमाक्विनमुळे हा मारा वाढतो, हिमोग्लोबिनच्या गाठी बनून आवरणाला चिकटतात, पेशी ताठर होते आणि फुटते. सर्वांत आधी फुटतात त्या म्हाताऱ्या पेशी, कारण वयानुसार विकर कमी होत जाते. झटक्यानंतर रक्तात उरतात त्या तरुण पेशी, आणि त्यांच्यात विकर बऱ्यापैकी असते. म्हणून त्या दिवसांत केलेली चाचणी नॉर्मल येऊ शकते.

याचा साठवणुकीशीही संबंध आहे. ही कमतरता असलेल्या दात्याचे रक्त मुदतीअखेरीस चढवल्यावर रुग्णाच्या अंगात तुलनेने कमी टिकते, असे अभ्यासांत दिसले आहे. तेव्हा भावाने सुमारे तीन महिन्यांनी, नव्या-जुन्या पेशींचे प्रमाण पूर्ववत झाल्यावर, चाचणी पुन्हा करावी. तोवर रक्तदान करू नये, आणि कोणत्याही डॉक्टरांनी पुन्हा प्रायमाक्विन, डॅप्सोन किंवा तशी औषधे लिहून देण्यापूर्वी काळ्या लघवीची ही हकीकत त्यांना सांगावी. आईकडच्या मामांची आणि मावसभावांचीही तपासणी त्याच वेळी करून घेतली तर बरे.